मालकांना चालत नाही

भाड्याने देण्यासाठी घेतलेलं हे माझं पहिलंच घर. फरशीवरचे रंगाचे डाग मी गुडघे टेकून खरवडत होतो, तेवढ्यात एजंट एका बाईंना फ्लॅट दाखवायला घेऊन आला. त्यांची शाळकरी मुलगी धावत बाल्कनीत गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, इथे माझी सायकल मावेल!"

"मिस्टर कुठे असतात?" एजंटने विचारलं.

"आम्ही दोघीच राहतो."

"मग अवघड आहे, मॅडम. मालकांना चालत नाही."

माझं डोकंच फिरलं. मी असं कधी म्हणालो होतो? एजंटने मला कधी पाहिलं नव्हतं; फोनवर मी त्याला एवढंच म्हणालो होतो, "भाडेकरू कोणीही बघा, फक्त मला कटकट नको." कटकट म्हणजे कोण, ते मी सांगितलं नव्हतं. ते ठरवायचं घाणेरडं काम मी दुसऱ्यावर सोपवलं होतं आणि स्वतःला भला माणूस समजत होतो. एजंटची गचांडी धरावी असं वाटलं. पण माझ्या मनातलं त्याने बरोबर ओळखलं होतं, याचाच संताप जास्त होता. एक वाक्य बोललो असतो, तर त्या मुलीची सायकल वर आली असती.

निघताना बाई माझ्यापाशी थांबल्या. रंगाने माखलेले हात पाहून त्यांनी मला रंगारी समजलं असावं.

"दादा, मालक भेटतात ना तुम्हाला? जरा सांगून बघा हो. आमचा काही त्रास नसतो."

"सांगतो," मी म्हणालो आणि मान खाली घालून पुन्हा फरशी खरवडू लागलो.