खाणीतलं पितळ आणि पारनेरकडची विहीर

आमच्या ह्यांना खाणीतल्या मोजणीची जुनी यंत्रं जमवायचा नाद होता. नगर जिल्ह्यात मोठी खाण नाही, ह्यांनी जन्मात खाण पाहिलेली नाही, आणि शाळेत गणित शिकवायला खाणीवाचून काही अडत नव्हतं. पण लढाई संपली, मायदेशी निघालेल्या साहेबांची अडगळ भिंगारच्या जुन्या बाजारात येऊ लागली आणि दर रविवारी ह्यांची सायकल तिकडे वळू लागली. परत यायचे ते काहीतरी पितळी पोटाशी धरून, बाळंतिणीचं मूल सांभाळून आणावं तसे. दीड खोलीचं आमचं बिऱ्हाड. माझे पिठाचे डबे खाटेखाली आणि फळीवर मोजणीची साखळी, पाय मोडलेली दुर्बीण, नाना तऱ्हेचे कोनमापक. मी भांडले, रुसले, अबोला धरून पाहिला. तो अबोला ह्यांना कळलासुद्धा नाही.

त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे टांगतं होकायंत्र. बोगद्यात दोरी ताणायची, हे दोन पितळी आकड्यांनी तिच्यावर अडकवायचं, की दोरी कुठल्या दिशेला चाललीय ते सुई दाखवते. आमच्या घरी ते कपड्यांच्या दोरीवर लटकलेलं असायचं आणि धोतर पूर्वेला वाळतंय की आग्नेयेला, हे मला रोज समजायचं.

एका दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी, पारनेरकडे गेलो. वडिलांनी नवी विहीर खणली होती, ती कोरडी निघाली. जुन्या विहिरीला झरा होता. म्हणून मुरमातून दोन्हीकडून बोगदा खणायचा आणि मधे गाठायचं, असं ठरलं होतं. पण दोन्ही बोगदे भलतीकडेच चालले होते. चुकामूक झाली तर वर्षाची मेहनत पाण्यात, आणि पाणी मात्र नाही.

जेवताना हे सगळ्यांदेखत बोलून गेले, "गाठ मी घालून देतो. चुकलो तर घरातलं सगळं पितळ तांबटाला देऊन टाकीन."

माझ्या डोळ्यांपुढे रिकामी फळी उभी राहिली. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि ती रिकामी फळी मला नकोशी झाली. हे थट्टा करत नव्हते.

जावई जमिनीच्या पोटात उतरणार, त्यात साडेसाती, म्हणून आईने शिंगणापूरला नेऊन आणलेली घोड्याच्या नालेची अंगठी सकाळीच ह्यांच्या बोटात सरकवली. सासूबाईंना नाही कसं म्हणायचं?

मग काम सुरू झालं. लोखंडाने सुई बहकते, म्हणून ह्यांनी पहारी, कुदळी, घमेली सगळं वर पाठवलं. पत्र्याचा कंदील नको म्हणून देवघरातली समई खाली गेली. वडिलांच्या खिशातला अडकित्ता काढून घेतला. तरी सुई दर वेळी वेगळंच सांगे. हे वर येऊन काठावर मटकन बसले. "यंत्र मेलंय," म्हणाले. वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल. आमच्या कुणाच्याच आलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, ह्यांनी हात लांबवला आणि मला ती काळी अंगठी दिसली.

"अहो, सगळ्या गावाची झडती घेतलीत, आणि हे काय?"

हे अंगठीकडे बघतच राहिले. मग हसत सुटले. पण आई काही हसली नाही.

"काढू नगा, जावईबापू. न्हाई गाठलं तर न्हाई गाठलं. इहीर काय, पुन्हा हुईल."

"आई, काढल्याशिवाय सुई खरं बोलायची नाही," हे म्हणाले.

आईने हात पुढे केला. "द्या हिकडं. मी धरून बसते. तुमी वर येस्तवर मूठ न्हाई सोडायची."

आणि खरंच, हे खाली असले की आई विहिरीच्या काठी मूठ आवळून बसे. भाकऱ्या मी थापायचे. दोन्ही बोगदे आता सुईने दाखवलेल्या दिशेला वळवले. शाळा उघडायची वेळ आली तरी गाठ पडेना आणि हे जेवेनासे झाले.

शेवटी एका दुपारी जुन्या विहिरीकडच्या बोगद्यात ह्यांच्यासमोर मुरूम ढासळला आणि पलीकडून पहारीचं टोक आत आलं. खालून एकच आरोळी उठली. वडील काठावर नाचायलाच लागले. "गाठलं! आरं, नेमकं गाठलं!"

हे वर आले. अंगभर चिखल, यंत्रही लडबडलेलं. ते पुसायला मी पदर पुढे केला.

"राहू दे," हे म्हणाले. "किती वर्षांनी माती लागलीय त्याला."

आणि एवढा मोठा माणूस सगळ्या सासुरवाडीसमोर ढसाढसा रडला. मला जराही लाज वाटली नाही. त्या दिवशी मला माझा नवरा फार आवडला.