सुई हातात देऊ नये

मी सुई पुढे केली, तसा शेजारच्या मालूताईंनी हात मागे घेतला. "हातात नको गं, भांडण होतं. खाली ठेव."

मी ती फरशीवर ठेवली आणि मला एकदम भीती वाटली. उद्या सगळं जग बुडालं, तर उरलेली माणसं पुन्हा विटा भाजतील, घरं बांधतील, जमीन नांगरतील. पण सुईला एवढंसं नेढं कोण पाडणार? आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला येत नाही. मग आमच्या इमारतीच्या ढिगाऱ्यात सापडलेली एकुलती एक सुई कुणीतरी अशीच जमिनीवर ठेवेल, आणि भोवती फाटक्या कपड्यांतली माणसं टपून बसलेली असतील.

"उद्या आणून देते हं," म्हणत मालूताई गेल्या.

मी उरलेल्या सुयांची डबी कपाटात ठेवली. मग परत जाऊन कपाटाला कुलूप लावलं.