वळलेल्या माना

रविवारी आमच्या शुद्धलेखन तपासणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या गटाची बैठक होती. आम्ही सगळेच हौशी. पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवत होतो. गटात नव्याने आलेल्या वैशालीताई फळ्यावर लिहू लागल्या आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. इतकी वर्षं त्या माना माझ्याकडे वळायच्या.

"जोडाक्षरांचा भाग मुळापासून नवा लिहूया," ताई म्हणाल्या.

तो भाग मी लिहिलेला. "चांगला चालतोय की," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कडवट लागला.

फुकट देऊन टाकलेल्या गोष्टीवरही माणूस मनातून केवढा हक्क सांगतो!

घरी येऊन त्यांची पद्धत करून पाहिली, चुका सापडाव्यात म्हणूनच. ती माझ्या पद्धतीपेक्षा सरस निघाली. जळतजळतच मी ग्रुपवर लिहिलं, "ताईंचंच घ्या."