शीलाच्या बाबाले विचारून येतो

सिंधूबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरं. मी रोटाव्हेटरची, म्हणजे माती घुसळून बारीक करणाऱ्या अवजाराची, माहिती सांगत होतो आणि मान वर करून बघतो तर बाई आवाराबाहेर पोचलेल्या. रस्त्याच्या कडेला एक ऑटो उभा होता, त्यात डोकं घालून कोणाशी तरी बोलत होत्या. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. पण त्या परत आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हां भाऊ, आता ते दुसरं दाखवा." मी दुसरं दाखवलं. "थांबा, शीलाच्या बाबाले विचारून येतो," म्हणाल्या आणि पुन्हा ऑटोकडे निघाल्या.

आरमोरीत माझं ट्रॅक्टरच्या अवजारांचं दुकान आहे. मागे शेड, तिथे ट्रॉल्या बनतात, वेल्डिंग चालतं. नवा ट्रॅक्टर घेतला की लोक माझ्याकडे येतात, कारण नुसता ट्रॅक्टर अंगणात उभा करून शेती होत नाही. त्याच्यामागे काय जोडायचं ते ठरवावं लागतं. बहुतेक वेळा बाप, पोरगा, एखादा जावई असा घोळका येतो आणि दुकानातल्या सगळ्यांत रुंद, सगळ्यांत जड वस्तूवर हात ठेवतो. सिंधूबाईंनी छोटा ट्रॅक्टर घेतला होता, बांध्यांत, म्हणजे धानाच्या लहान खाचरांत, वळणारा, आणि त्याची अवजारं निवडायला त्या नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. नवरा ऑटोतून उतरू शकत नव्हता, म्हणून त्या माझं दुकान तोंडी त्याच्यापर्यंत नेत होत्या.

शेवटी मीच ऑटोपाशी गेलो. "जय भीम, भाऊ," म्हणालो. आत ऋषीभाऊ बसले होते. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस, पण उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला आणि ओठ एका बाजूला ओढलेला. आदल्या हिवाळ्यात लकवा मारला होता. बोलणं गेलं होतं. फक्त एक शब्द उरला होता, "चाल". सगळं आयुष्य बैलांच्या मागे गेलेलं, बैलांना म्हणायचा शब्द तेवढा जिभेवर राहिला. हो म्हणायचं तरी चाल, नाही म्हणायचं तरी चाल, पाणी पाहिजे तरी चाल. मला ते सगळे सारखेच ऐकू आले. सिंधूबाईंना प्रत्येक वेगळा ऐकू येई.

"आता नांगराचं नाव काढू नोका," त्या वाकून त्यांना सांगत होत्या. "नांगर तुमी धरत होते. आता धरनारी मी आहो. माह्या हातानं जमन ते घ्या लागते."

"चाल!"

"चिडून काय होते? रोटाव्हेटर काऊन नोको ते सांगा."

"चाल. चाल, चाल."

"माती लय बारीक होते म्हंता? होऊ द्या ना बाप्पा! धान रोवनाऱ्या बायाइचे बोटं तं नाई सोलत."

ऋषीभाऊ तोंड फिरवून पलीकडच्या चहाच्या टपरीकडे पाहू लागले. बाईही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ऑटोवाला माझ्याकडे बघून हसला. मी नाही हसलो. आजारी माणसाशी आपण कसं बोलतो ते मला माहीत होतं. आवाज लाडिक होतो, सगळ्याला हो हो म्हणतो, आणि मग त्याच्या देखतच दुसऱ्या कोणाला तरी विचारून सगळं ठरवतो. ही बाई नवऱ्याशी खणखणीत भांडत होती. आणि भांडताना प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होती. तो माणूस काहीतरी म्हणणार आहे, ते ऐकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी थांबत होती.

रुंद रोटाव्हेटर दोघांनी मिळून नाकारला, कारण वळताना धुरे, म्हणजे खाचरांचे बांध, फुटले असते. अरुंद रोटाव्हेटरवर बाई जिंकल्या. मग केजव्हीलची पाळी आली. चिखलात रबरी टायर घसरतो, म्हणून लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी चाकं लावतात, ती. ऋषीभाऊंनी ती ऑटोतूनच पाहिली आणि डावा हात लांब करून बोट दाखवलं. "चाल!" हा चाल मलासुद्धा समजला.

"कायले?" सिंधूबाई म्हणाल्या. "नवे टायर हायेत. आपल्या बांधीत असा कोनता मोठा चिखल होते?"

"चाल! चाल!"

"नाई म्हनलं ना! तुमी बैलाचे पाय पाह्यले, टायर कुठी पाह्यले?"

केजव्हील राहून गेलं. मीही फार आग्रह केला नाही, नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा.

ट्रॉलीचं बोलायला मात्र त्या एकट्या आल्या, काही दिवसांनी. ट्रॉली लहान आणि बुटकी पाहिजे होती, आणि तिच्यात एक खुर्ची पाहिजे होती, पक्की बसवलेली.

"बाई, ट्रॉली मालासाठी असते," मी म्हणालो. "माणूस नाही बसवायचा त्यात."

"रस्त्यानं नाई नेत, भाऊ. घरामांगून पांदन हाय, तिथून सिद्दे बांधीवर. आयुष्यभर ज्यानं वावर पाह्यलं, तो मानूस दिवसभर भिंत पाहून राह्यला. मी वावरात जातो, तं मांगं कसं पाहतात ते तुमाले काय सांगू." मग म्हणाल्या, "तुमी करून देता, का मी वडश्याले जाऊ?"

मी करून दिली. खुर्चीखाली स्प्रिंगच्या पट्ट्या टाकल्या, जुन्या ट्रकच्या सीटचा पट्टा लावला, वर ताडपत्रीचं छप्पर. ट्रॉली तयार झाल्यावर बाई पाहायला आल्या. त्यांनी आपला उजवा हात पदरानं पोटाशी घट्ट बांधला, वर चढून त्या खुर्चीत बसल्या आणि आमच्या वेल्डरला म्हणाल्या, "आता हालवा. जोरानं हालवा. लाजू नोका." आम्ही दोघांनी ट्रॉली गदागदा हलवली. बाई उजवीकडे कलंडल्या. बांधलेला हात सावरायला येईना. "हां," त्या तशाच वाकड्या बसून म्हणाल्या, "इथी टेका नाई. इकूनच पडते मानूस." आम्ही उजव्या बाजूला उंच कठडा लावला आणि त्याला पोत्याचं जाड अस्तर शिवलं. त्या पुन्हा बसल्या, पुन्हा हलवायला लावलं, आणि मग कुठे खाली उतरल्या.

ट्रॅक्टर चालवायला त्या पुतण्याकडून शिकल्या. घरची बैलजोडी त्यांनी त्यालाच देऊन टाकली होती. साडीवर ऋषीभाऊंचा जुना सदरा, डोक्याला रुमाल, आणि मागे ट्रॉलीत ऋषीभाऊ, अशी ती वरात पांदणीतून निघाली की गावातली पोरंसोरं मागे धावत. ट्रॉली धुऱ्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली सोडायची, रोटाव्हेटर जोडायचा आणि कामाला लागायचं, असा त्यांचा रिवाज.

चिखलणीच्या दिवसांत बाईंचा फोन आला. रोटाव्हेटर वरखाली करायचा दांडा अडकत होता. मी मोटरसायकल काढली. तिथे पोचून दांडा नीट करून दिला, धुऱ्यावर हात धुतले. तेवढ्यात बाईंनी ट्रॅक्टर बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, बाजूच्या खोल बांधीत घातला. ऋषीभाऊ खुर्चीतून ओरडू लागले. डावा हात जोरजोरानं हलत होता. बाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि पुढे दामटला. अर्ध्यात गेल्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्यांनी जोर दिला तसा ट्रॅक्टर आणखी खाली बसला. चिखल उडून बाईंच्या तोंडावर, सदऱ्यावर, सगळीकडे. इंजिन बंद पडलं आणि एकदम सगळं शांत झालं.

त्या शांततेत एक विचित्र आवाज आला. खोकल्यासारखा. मी दचकून ट्रॉलीकडे धावलो, वाटलं, ऋषीभाऊंना काही झालं. ऋषीभाऊ हसत होते. ओढलेल्या ओठानं, गळ्यातून घर्रघर्र करत, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डाव्या हाताचं बोट ट्रॅक्टरच्या टायरवर रोखलेलं. केजव्हील!

सिंधूबाई सीटवरच बसून राहिल्या. आता या चिडणार असं मला वाटलं. त्या गुडघाभर चिखलात उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि मला म्हणाल्या, "हासून राह्यले ना ते? भाऊ, हासून राह्यले ना?" लकवा मारल्यापासून ते हसले नव्हते. बाईंनी चिखलाच्याच हातानं डोळे पुसले, त्यामुळे तोंड आणखी माखलं, आणि ते पाहून ऋषीभाऊंना पुन्हा हसू फुटलं.

ट्रॅक्टर काढायला पुतण्या शेजारच्या बांधीतून बैल घेऊन आला. साखळी बांधली. इंजिन चालू करून बाई सीटवर बसल्या. पुतण्यानं बैलांना हाकललं, शेपट्या पिरगाळल्या, पण त्यांनी नुसत्या माना हलवल्या. चिखलातलं ओझं त्यांना पटत नव्हतं. तेवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला, "चाल!"

बैलांचे कान फिरले. मी स्वतः पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या आणि खांदे जुवात रेटले. "चाल! चाल!" ऋषीभाऊ खुर्चीच्या पट्ट्याला ताण देऊन पुढे झुकले होते. चिखलानं मोठ्ठा घुटका घेतल्यासारखा आवाज केला आणि ट्रॅक्टर हळूहळू वर आला.

बाई खाली उतरून बैलांच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या, "तुमाले समजते, मले नाई समजत." मग माझ्याकडे वळल्या. "आना भाऊ, ते तुमचे लोखंडी चाकं."

त्यानंतर काही हंगाम त्या दोघांचं बरं चाललं. ऋषीभाऊंना आणखी शब्द आले नाहीत, हात उचलला गेला नाही. पण ते रोज वावरात होते. लोक पुन्हा त्यांच्यापाशी येऊन उभे राहू लागले, पाणी सोडू का, धान कापायला आला का, विचारू लागले. सिंधूबाई आजूबाजूच्या बायाबापड्यांच्या बांध्या करून द्यायला जात तेव्हाही त्यांना सोबत नेत. माझ्या दुकानासमोर मात्र ऑटोच थांबे. मीच वस्तू उचलून ऑटोपाशी न्यायला लागलो होतो आणि त्यांच्या भांडणाची मला सवय झाली होती. एकदा फणाच्या पात्यांवरून ते इतके भांडले की ऋषीभाऊंनी डाव्या हातानं ऑटोचा पडदाच खाली ओढून घेतला. बाई पडद्याशी बोलत राहिल्या.

धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या, त्या दिवसांत ऋषीभाऊ गेले. सकाळी उठले नाहीत, एवढंच. मी पोचलो तेव्हा अंगणात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बसल्या होत्या, त्रिशरण सुरू होतं. शीला मुलचेऱ्याहून आली होती, आईला धरून होती. सिंधूबाई हात जोडून म्हणत होत्या, आवाज मुळीच कापत नव्हता. निघताना मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्याच म्हणाल्या, "सारे लय गोड बोलून राह्यले भाऊ माह्यासंग. जेव म्हंते, झोप म्हंते. मी जे म्हनन त्याले हो म्हंते."

कापणी झाल्यावर त्या दुकानात आल्या. ट्रॅक्टर स्वतः चालवत, मागे काही न जोडता. वरच्या बांधीत हरभरा पेरायचा होता, त्यासाठी पेरणीयंत्र पाहिजे होतं. मी दोन दाखवली. एक साधं, एक बियाणं आणि खत बरोबर सोडणारं. बाईंनी दोन्हींवर हात फिरवला. नळ्या हलवून पाहिल्या. मग त्या वळल्या आणि आवाराच्या दारापर्यंत गेल्या. रस्ता रिकामा होता. तिथे क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

"कोनतं घेऊ?"

"तुम्हाला पटेल ते घ्या, बाई," मी म्हणालो. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. "दोन्ही चांगलीच आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले पाहिले, चिखलाशिवाय.

"असं नोका करू, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी तरी भांडा. मी एकटीनं कसं ठरवू? कोनी नाई म्हनल्याशिवाय मले समजतच नाई मी काय म्हनून राह्यली."

मी गल्ल्यामागचा स्टूल ओढून त्यांना बसायला दिला आणि भांडायला लागलो. खतवालं यंत्र तुमच्या छोट्या ट्रॅक्टरला जड होईल, म्हणालो. त्या म्हणाल्या, बी आन् खत दोनदा दोनदा फिरवायले मी काय जवान आहो? मी म्हणालो, तुमची वरची बांधी ओली राहते, नळ्या मातीनं बुजतील. त्या म्हणाल्या, तुमी माही बांधी कवा पाह्यली, तुमी तं चिखलातच येता. माझा आवाज चढला, त्यांचा त्याहून चढला. वेल्डर शेडमधून बाहेर येऊन पाहू लागला. शेवटी त्यांनी चहा मागितला, तो घोट घोट प्याल्या आणि खतवालं यंत्र जोडायला सांगितलं.

यंत्र जोडून झाल्यावर त्या सीटवर चढल्या, रुमाल बांधला. "उद्या बांधीवर या," म्हणाल्या. "पेरनं चुकत असन तं सांगा. पन जोरानं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नळ्या मधूनमधून बुजत होत्या, जसं मी म्हणालो होतो तसंच. मी धुऱ्यावर उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून जोरानं ओरडलो, थांबा, आधी माती वाळू द्या.

सिंधूबाईंनी ऐकलं नाही.