वांग्याच्या वाफ्यातली माझी चोरी

बायांनो, आज मी देवळात सगळ्यांसमोर चोरी कबूल केली.

गोराईला आमच्या वाडीत वर्षभर वांग्याचा प्रयोग चालला होता. एका वाफ्याला कृषीवाल्या मॅडमचं नवीन खत, शेजारचा वाफा बिनखताचा. "काकी, त्याला काही घालायचं नाही हं," असं त्यांनी बजावलेलं.

आज देवळातल्या सभेत मॅडमनी निकाल वाचला, तर बिनखताचा वाफाच पुढे. शेतकरी लगेच म्हणाले, "मग हे खत हवं कशाला?"

मॅडमचं तोंड एवढंसं झालं. मला बसवेना. उठले नि सांगितलं, "मी त्याला दर रविवारी मासळी धुतलेलं पाणी घालत होते. एकाला जेवण नि दुसऱ्याला उपास, मला बघवेना."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काकी, माझ्या वर्षाची वाट लावलीत." मग त्यांनीच वही उघडली. "किती पाणी घालायचात? नीट सांगा."

आता यंदा परत प्रयोग. तिसरा वाफा मासळीच्या पाण्याचा आणि पाटीवर माझं नाव. आमच्या ह्यांनी जिवंतपणी सातबाऱ्यावर लावलं नाही, ते वांग्यांनी पाटीवर लावलं.

खरं सांगा, तुम्हाला तरी राहवलं असतं का?