चंदीने दाखवलेली वाट

नांगरलेल्या रानाच्या तोंडाशी कुत्रं साखळीला बांधलेलं होतं आणि दोन्ही पंच आपापल्या चपलांकडे बघत होते.

"इथून वाट होती का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"आमास्नी काय ठावं न्हाई, मॅडम."

मी तेव्हा माण तालुक्यात मंडल अधिकारी होते. म्हणजे तलाठ्याच्या वर, तहसीलदारांच्या खाली आणि दोन्हीकडून बोलणी खाणारी. रस्ता अडवल्याची तक्रार आली की जागेवर जाऊन पंचनामा करायचा, हे माझं काम. तक्रार हौसाबाईंची होती. त्यांची पन्नासेक मेंढरं शेजारच्या तानाजीरावांच्या रानातून डांबरीवर येत. तानाजीराव माजी हवालदार. त्यांनी वाट नांगरली आणि तिच्या तोंडाशी आपल्या टायगर कुत्र्याला बांधलं. तीन महिने बाई ओढ्यातून वळसा घालत होत्या. ओढ्याला पाणी आलं की तेही बंद, मग मेंढरं विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वहिवाट म्हणजे रान दुसऱ्याचं, पण वर्षानुवर्षं चालत आल्यामुळे जायचा हक्क तुमचा. तो सिद्ध करावा लागतो. गावनकाशात ही वाट नव्हती आणि पंचांना हवालदारांशी वाकडं नको होतं.

"हिच्या मेंढरांचा पाय माझ्या रानाला कवा लागला न्हाई," तानाजीराव म्हणाले.

माझ्या आजोळी मेंढरं होती. मी म्हटलं, "टायगरला घरी न्या. हौसाबाई, मेंढरं सोडा, पण हाकायची नाहीत. इथंच उभ्या राहा."

चंदी नावाची म्हातारी मेंढी पुढे झाली, बाकीची तिच्या मागे. नांगरटीतून ती सरळ निघाली आणि निम्म्यात, काहीही आडवं नसताना, डावीकडून वळसा घालून परत सरळ झाली. मागच्या सगळ्यांनी तसाच वळसा घातला.

मी टिकाव मागवला. वीतभर उकरल्यावर बाभळीचा बुंधा लागला. तोड ताजी होती.

"हे झाड कधी तोडलं?"

"नांगरताना," तानाजीराव बोलून गेले.

"म्हणजे झाड होतं तेव्हा मेंढरं इथूनच जात होती. नाहीतर नसलेल्या झाडाला आज वळसा कशाला घालतील?"

थोरल्या पंचाने घसा खाकरला. "लिवा मॅडम. माझ्या बापाच्या येळंपासनं हाय ही वाट."

तहसीलदारांनी पंचनामा वाचून मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, मेंढीला साक्षीदार केलंत?"

"नाही सर. साक्ष पंचांची, पुरावा बुंध्याचा. मेंढीने फक्त जागा दाखवली."

आदेश निघाला, वाट खुली झाली. त्या पंचनाम्याची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू.

वाट मोकळी करायला गेले तेव्हा तानाजीराव स्वतः ढेकळं फोडत होते. "लय बघितली परेड, मॅडम," ते म्हणाले, "पण एकाबी मेंढरानं लाइन सोडली न्हाई." हौसाबाई चंदीच्या मागोमाग त्या वाटेने चालत गेल्या.

भीड भिकेची बहीण म्हणतात. पंचांच्या भिडेपायी एका बाईचा कळप जाणार होता. मेंढरांना भीड नव्हती, म्हणून राहिला.