पश्चिमेची भिंत

डोळा लागतोय की नुसती गुंगी आहे, हे उकिडवे सरांना नीट कळत नाही. नव्या अंगणवाडीच्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून ते सभा सुरू व्हायची वाट पाहतायत. ही खोली आतापर्यंत कीटकनाशकांचं गोदाम होती. सकाळी तालुक्याच्या साहेबांनी धुतलेल्या भिंतींवरून कापसाचा बोळा फिरवला, तपासला आणि सगळं स्वच्छ असल्याचं सांगितलं. आता सरपंचबाईंनी मान डोलावली की उद्यापासून पोरं इथे बसणार. निवृत्त रसायनतज्ज्ञ म्हणून सरांनाही बोलावलंय. पण साहेबांकडे तपासणी आहे, आपल्याकडे नुसती शंका, म्हणून ते गप्पच राहायचं ठरवून आलेत.

पातळ विटांतून दुपारच्या उन्हाची धग पाठीला लागते. मग विटा राहत नाहीत, पोलाद होतं. गोल काचेची खिडकी, जाडजूड बोल्ट. हे तर प्रयोगशाळेतलं जुनं निर्वात पात्र. त्यात विषारी वाफ सोडायची आणि आतल्या रंगवलेल्या पट्टीने ती किती धरून ठेवली ते पाहायचं. शेजारी सबनीसबाई हातमोजे चढवतायत. सरांच्या या वरिष्ठांना जाऊन कैक वर्षं झाली, पण कपाळावरची आठी जशीच्या तशी आहे.

"बोळा फिरवला म्हणे," बाई म्हणतात. "भिंत म्हणजे काय स्टीलचं ताट आहे, पुसलं की लख्ख?"

सर पुटपुटतात की बहुधा रंगात मुरलं असावं, पण खात्रीने कसं सांगणार.

"आयुष्यभर बहुधा, बहुधा. उकिडवे, पट्टीने धरलेलं विष केव्हा सोडलं होतं?"

"तापवल्यावर, बाई."

"आणि या दीडशहाण्यांनी भिंत तपासली केव्हा? सकाळच्या गारव्यात."

बाई तापमानाची कळ फिरवतात. मीटरचा काटा चढू लागतो. सर काचेतून डोकावतात. आत पट्टी नाहीच, रंगीत बस्करांची रांग आहे आणि इवल्याशा चपला. ते घाबरून कळीवर हात ठेवतात आणि बाईंना थांबायला सांगतात, आत पोरांचं सामान आहे म्हणतात.

"मला कशाला सांगता?" बाईंचा आवाज रागाने कापतो. "मी मेलेय. जिवंत माणसं तिकडे बसलीत."

कुणीतरी खांदा हलवतं. साहेब आलेत. सर उठतात तसा घामाने भिंतीला चिकटलेला शर्ट सुटतो आणि भपकारा येतो, सडक्या लसणासारखा, फवारणीच्या औषधाचा. ते पाठीचं कापड ओढून नाकाशी नेतात. वास कापडालाच आहे.

साहेब बोलायला उभे राहिलेत. घरात सुनेसमोरही कधी बनियनवर न बसलेले उकिडवे सर बटणं काढत पुढे जातात आणि शर्ट टेबलावर ठेवतात.

"सकाळी भिंत गार होती, साहेब. आता तापलीय. घ्या, हुंगा."

साहेब हात मागे घेतात. सरपंचबाई शर्ट उचलून हुंगतात, खाली ठेवतात, आणि उद्यासाठी मांडलेली बस्करं स्वतःच गोळा करू लागतात.